चीनमधल्या डोमेस्टिक फ्लाइटने जाताना पॉवरबँक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वांगझूच्या फेअरला जाणारे व्यापारी, यिवूला माल बघायला जाणारे, मेडिकलला शिकणारी आपली मुलं आणि त्यांना भेटायला जाणारे आईवडील, या सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. भारतातून व्यवस्थित गेलेली पॉवरबँक चीनमधल्या आतल्या फ्लाइटला सिक्युरिटीवर अडते आणि तिथे उभं राहून भाषा येत नसताना काही करता येत नाही, म्हणून हे निघायच्या आधी वाचा, विमानतळावर पोचल्यावर वाचून फारसा उपयोग नाही.

नेमका नियम काय आहे?

२८ जून २०२५ पासून चीनच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने देशांतर्गत फ्लाइटसाठी तीन प्रकारच्या पॉवरबँक बंद केल्या. ज्यावर थ्री-सी मार्क नाही ती, ज्यावरचा थ्री-सी मार्क पुसट झालाय किंवा वाचता येत नाही ती, आणि जी कंपनीने परत मागवलेल्या मॉडेलमध्ये किंवा बॅचमध्ये आहे ती. यातलं एक जरी लागू झालं तरी पॉवरबँक आत जात नाही. आदेश निघाला २६ जूनला आणि लागू झाला दोन दिवसांत, त्यामुळे सुरुवातीला तिथल्याच लोकांची खूप धावपळ झाली, परदेशी माणसांचं तर विचारूच नका.

याच्या आधीचे नियम रद्द झालेले नाहीत हे लक्षात घ्या. २०१४ पासून तिथे पॉवरबँकसाठी वेगळे नियम आहेतच, चेक-इन बॅगेत टाकायची नाही, क्षमतेची मर्यादा पाळायची, विमानात तिच्यावरून काही चार्ज करायचं नाही. नवीन अट ही त्याच्यावर आली आहे, म्हणजे आता दोन्ही पाळायचं.

हा थ्री-सी मार्क म्हणजे काय आणि तो कुठे बघायचा?

चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या बऱ्याच इलेक्ट्रिक वस्तूंना सक्तीचं सुरक्षा सर्टिफिकेट लागतं, त्याचा हा शिक्का. लंबगोलात इंग्रजी सी हे अक्षर तीन वेळा, असा दिसतो. पॉवरबँकच्या मागच्या बाजूला किंवा कडेला जिथे बारीक अक्षरात व्होल्टेज वगैरे छापलेलं असतं तिथेच असतो, नुसता खोक्यावर असून चालत नाही, वस्तूवर पाहिजे आणि डोळ्यांना नीट दिसला पाहिजे. सिक्युरिटीवरचा माणूस पॉवरबँक हातात घेऊन, उलटी करून, तोच शोधतो.

पॉवरबँकसाठी हे सर्टिफिकेट द्यायला सुरुवात झाली १ ऑगस्ट २०२३ ला, आणि १ ऑगस्ट २०२४ पासून त्याशिवाय पॉवरबँक बनवणं, विकणं, आयात करणं चीनमध्ये बंद झालं. त्यामुळे तुमच्या मुलाने २०२२ मध्ये तिथेच, चांगल्या दुकानातून, चांगल्या कंपनीची घेतली असेल तरी तिच्यावर हा मार्क नसणार. "अहो पण ही चीनचीच आहे" हे म्हणणं तिथे उपयोगाचं नाही, कुठे बनली ते कोणी विचारत नाही, मार्क आहे का एवढंच बघतात.

माझी पॉवरबँक भारतातली आहे, तिच्यावर बीआयएसचा नंबर आहे. चालेल का?

नाही. बीआयएसची नोंदणी भारतात विक्रीसाठी असते, थ्री-सी चीनमधल्या विक्रीसाठी, आणि एकाचं दुसरीकडे धरत नाहीत. युरोपचा सीई किंवा अमेरिकेतला कुठला शिक्का असला तरी तेच. भारतात मिळणाऱ्या मॉडेलवर सहसा थ्री-सी नसतोच, अगदी शाओमीसारख्या चिनी कंपनीची असली तरी भारतातलं मॉडेल वेगळं निघतं. आत्ता उठून आपल्या पॉवरबँकची मागची बाजू बघा, मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा, अक्षरं फार बारीक असतात.

मला स्वतःला वाटतं परदेशी पाहुण्यांसाठी काही सवलत ठेवायला हवी होती, कारण भारतातली चांगली, नवी, रीतसर टेस्ट झालेली पॉवरबँक असलेला माणूसही तिथे अडतो. पण नियम सगळ्यांना सारखा आहे आणि काउंटरवर वाद घालून आजवर कोणाची पॉवरबँक आत गेल्याचं ऐकलं नाही.

मग मुंबईहून किंवा दिल्लीहून निघतानाच ती काढून घेतील का?

नाही. भारतातून चीनला जाणारी फ्लाइट आंतरराष्ट्रीय, तिथे हा थ्री-सीचा नियम लागत नाही. हँडबॅगमध्ये ठेवायची, १०० वॉट-अवरच्या (हे क्षमतेचं माप, हिशोब खाली दिलाय) आत असायला हवी, एवढं झालं की जाते. म्हणूनच लोक गाफील राहतात. भारतात काही बोलले नाहीत, चीनमध्ये उतरताना काही बोलले नाहीत, आणि मग चौथ्या दिवशी ग्वांगझूहून चेंगडूला जायला निघाले की अडते.

मला ग्वांगझूला उतरून लगेच पुढची फ्लाइट यिवूची आहे. मी तर विमानतळाच्या बाहेर पडणारच नाही, तरी लागू होईल का?

होईल. पुढची फ्लाइट देशांतर्गत आहे ना, मग झालं. ग्वांगझूला तुमचं इमिग्रेशन होणार, त्यानंतर डोमेस्टिकसाठी परत सिक्युरिटी होणार आणि तिथे ती निघणार. तिकीट एकच असलं, बॅग थेट पुढे जाणार असली, तरी फरक पडत नाही. येतानाही तसंच, यिवू ते ग्वांगझू हा तुकडा डोमेस्टिक, पुढे दिल्ली आंतरराष्ट्रीय, म्हणजे अडायचं ठिकाण यिवू.

आणि हे सगळ्यात वाईट ठिकाण असतं बरं का, कारण हातात वेळ कमी, सामान ठेवायला ओळखीचं कोणी नाही, आणि चार-पाच तासांच्या प्रवासानंतर मोबाइल आधीच उतरलेला. असं कनेक्शन असेल तर थ्री-सी नसलेली पॉवरबँक घरीच ठेवा, माझं सरळ मत आहे.

शांघायहून पुढे अमेरिकेला जायचंय, चीनमध्ये थांबायचं नाही. मग?

दोन्ही फ्लाइट आंतरराष्ट्रीय असतील तर थ्री-सीची अट लागत नाही. पण मधल्या सिक्युरिटीला क्षमतेचं लेबल नीट दिसायला पाहिजे, नाहीतर त्यावरून अडवतात. तिकिटात मध्ये कुठे चीनमधल्या दोन शहरांचा तुकडा नाही ना हे मात्र बघा, स्वस्त तिकिटांमध्ये असं असतं, दिल्लीहून शांघाय, शांघायहून बीजिंग, बीजिंगहून पुढे. तो मधला तुकडा आला की सगळं लागू.

हाँगकाँगवरून जाणाऱ्यांचं काय?

मुंबईहून हाँगकाँगला उतरून रेल्वेने शेन्झेनला जाणारे आपल्याकडचे खूप व्यापारी आहेत. हाँगकाँगची विमानतळ व्यवस्था वेगळी, तिथे थ्री-सी मागत नाहीत, पण ७ एप्रिल २०२५ पासून हाँगकाँगच्या विमान कंपन्यांमध्ये पॉवरबँक वापरायची नाही आणि डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही असा नियम आहे. खिशात किंवा समोरच्या सीटखालच्या बॅगेत ठेवायची. मात्र शेन्झेनला पोचून तिथून शांघायचं विमान पकडलंत की तुम्ही चीनच्या डोमेस्टिकमध्ये आलात.

एवढं कडक का केलं? आधी तर चालत होतं.

कारण खरंच आगी लागल्या. २० मार्च २०२५ ला हांगझूहून हाँगकाँगला चाललेल्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यात आग लागली आणि विमान फुझोऊला उतरवावं लागलं. ३१ मे ला हांगझूहून शेन्झेनला निघालेलं विमान पंधरा मिनिटांत परत फिरलं, प्रवाशाच्या कॅमेऱ्याची बॅटरी आणि पॉवरबँक यातून धूर यायला लागला होता. त्याच्या आधी जानेवारीत दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एक अख्खं विमान जळालं, माणसं घसरगुंड्यांवरून बाहेर पडली म्हणून वाचली.

त्यात जूनमध्ये दुसरी गोष्ट बाहेर आली. रोमॉस या कंपनीने ४,९१,७४५ पॉवरबँक परत मागवल्या, पाठोपाठ अँकरने एकट्या चीनमध्ये ७,१२,९६४. कारण होतं आतले सेल. सेलच्या आत धन आणि ऋण बाजू वेगळी ठेवणारा एक अगदी पातळ पडदा असतो, सेल पुरवणाऱ्याने परवानगी न घेता कच्चा माल बदलला आणि तो पडदा खराब व्हायची शक्यता वाढली. पडदा गेला की दोन्ही बाजू आत भिडतात, सेल तापतो, तापला की आतली रसायनं आणखी उष्णता सोडतात, एक सेल शेजारच्याला पेटवतो, आणि मग बाहेरून बंद करायचं बटण असं काही राहत नाही. बऱ्याच कंपन्यांची सर्टिफिकेटं त्या काळात स्थगित झाली. हे सगळं एकाच महिन्यात झालं, आणि महिना संपायच्या आत आदेश आला. मला विचाराल तर आदेश बरोबर आहे, फक्त लोकांना तयारीला वेळ द्यायला हवा होता.

क्षमतेची मर्यादा किती? माझ्या पॉवरबँकवर फक्त एमएएच लिहिलंय.

मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०० च्या वर १६० पर्यंत विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन. १६० च्या वर अजिबात नाही.

हिशोब सोपा आहे, एमएएचला १००० ने भागा आणि सेलच्या व्होल्टेजने गुणा, ते बहुतेक ३.७ असतं. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर, २०,००० म्हणजे ७४, २६,८०० म्हणजे ९९ च्या थोडं वर, आणि ३०,००० म्हणजे १११, तिथे तुम्ही मर्यादा ओलांडली. इथे एक गोंधळ नेहमी होतो, लोक यूएसबीचे ५ व्होल्ट धरून गुणतात आणि २०,००० ची पॉवरबँक १०० वॉट-अवर होते म्हणून घाबरतात. ५ व्होल्ट हे बाहेर येणाऱ्या करंटचं, सेलचं नाही. त्याचमुळे एकाच पॉवरबँकवर वर मोठ्या अक्षरात २०,००० आणि खाली बारीक अक्षरात १२,००० असं दिसतं, खालचा आकडा ५ व्होल्टला प्रत्यक्ष मिळणारा, त्यात फसवणूक काही नाही.

शक्यतो अशीच पॉवरबँक घ्या जिच्यावर वॉट-अवर स्वच्छ छापलेले आहेत. सिक्युरिटीवर मागे शंभर माणसं उभी असताना तिथल्या मुलीला मोबाइलवर गुणाकार करून दाखवायची वेळ येऊ नये.

अक्षरं पुसली गेलीत, पण पॉवरबँक चांगली चालते.

नाही जाणार. खिशात किल्ल्यांबरोबर घासून लेबल जातं आणि मग क्षमता कळत नाही. क्षमता कुठेच लिहिलेली नसेल आणि छापलेल्या दुसऱ्या आकड्यांवरून काढताही येत नसेल तर ती २०१४ पासूनच बंद आहे. नवीन घेतल्यावर त्या छापील भागावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवली तर अक्षरं टिकतात. वर कव्हर घातलं असेल तर सिक्युरिटीआधी काढा.

थ्री-सीचे स्टिकर मिळतात म्हणे, लावले तर?

लावू नका. नियम आल्यावर असे स्टिकर विकायला लोक बसलेच, पण खरा मार्क बहुतेक वेळा छापलेला किंवा कोरलेला असतो, चिकटवलेला स्टिकर सिक्युरिटीवाल्यांना लगेच कळतो, कारण ते दिवसभर तेच बघतात. आणि परदेशात खोट्या सरकारी शिक्क्याची वस्तू हातात घेऊन उभं राहायचं, हजार-दीड हजाराच्या वस्तूसाठी, हे मला अजिबात पटत नाही. विद्यार्थ्यांनी तर अजिबात करू नये, व्हिसावर राहताय तुम्ही तिथे.

परत मागवलेल्या मॉडेलमध्ये माझी आहे का हे कसं कळणार?

मागच्या बाजूला मॉडेल नंबर असतो तो लिहून घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलचं पान असतं तिथे टाका, काही ठिकाणी सिरीयल नंबरही मागतात. रोमॉसचे तीन मॉडेल होते, पीएसी२०-२७२, पीएसी२०-३९२ आणि पीएलटी२०ए-१५२, तिन्ही २०,००० एमएएचचे, ५ जून २०२३ ते ३१ जुलै २०२४ मध्ये बनलेले. अँकरचे बरेच आहेत, आणि चीनच्या बाहेर अमेरिकेतही त्यांनी जून २०२५ मध्ये ए१२६३ हे मॉडेल परत मागवलं, अकरा लाखांच्या वर. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी भेट दिलेली अँकर घरात असेल तर प्रवास असो नसो, आजच बघा. ऑगस्टमध्ये शाओमीनेही केबल लावलेल्या २०,००० च्या एका मॉडेलच्या काही बॅच मागवल्या.

रिकॉलमधली असेल तर थ्री-सी मार्क असूनही जाणार नाही. आणि ती वापरूही नका, उशाशी ठेवून रात्रभर चार्जिंग तर नकोच. कचऱ्यातही टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेटते, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

चेक-इन बॅगेत टाकली तर चालेल का, तिथे कोण बघतंय?

बघतात, प्रत्येक बॅग एक्स-रेमधून जाते, आणि सापडली की तुम्हाला नावाने बोलावून बॅग उघडायला लावतात, तोवर फ्लाइट सुटायची वेळ होते. पण मुद्दा पकडले जाण्याचा नाहीच. खाली सामानाच्या कप्प्यात आग विझवायला जो वायू सोडतात तो ज्वाळा दाबतो, पण लिथियम सेल आतूनच तापत असतो, त्याला बाहेरच्या हवेची तेवढी गरज नसते, त्यामुळे तो परत परत पेटू शकतो आणि तिथे पोचून पाणी ओतायला माणूस नसतो. वर केबिनमध्ये धूर दिसतो, वास येतो, क्रू धावत येतो. म्हणून ती वर, तुमच्याजवळ, दिसेल अशी हवी. जगभर हा नियम सारखाच आहे, भारतातसुद्धा, आणि याला कुठेही पळवाट काढू नका अशी कळकळीची विनंती.

विमानात मोबाइल चार्ज करता येतो का?

पॉवरबँकवरून नाही, चीनमध्ये हे आधीपासून बंद आहे. पॉवरबँकला बटण असेल तर पूर्ण प्रवासभर बंद ठेवायची. सीटला यूएसबी असेल तर त्याने मोबाइल चार्ज करा, पण पॉवरबँक त्याला लावू नका. डोमेस्टिकमधल्या बऱ्याच विमानांत सीटला काहीच नसतं, म्हणून गेटवर बसल्या बसल्या चार्ज करून घ्या.

सिक्युरिटीला प्रत्यक्षात काय करतात?

लॅपटॉप आणि पॉवरबँक बॅगेतून काढून ट्रेमध्ये वेगळी ठेवायची. छत्रीसुद्धा काढायला लावतात, हे आपल्या लोकांना नवीन असतं. पॉवरबँक बॅगेच्या तळाशी कपड्यांत गुंडाळलेली असेल तर सगळी बॅग उपसावी लागते, तेव्हा वरच्या खिशात ठेवा, मागची बाजू वर करून ट्रेमध्ये ठेवा म्हणजे मार्क लगेच दिसतो. लायटर चालत नाही, खिशातलाही नाही.

तिथे अडली तर पर्याय काय?

नियम आल्यानंतर बऱ्याच विमानतळांनी तात्पुरतं ठेवून घ्यायची सोय केली, ठरावीक दिवसांत परत येऊन न्यायची. त्याच शहरात परत येणार असाल तर हे चांगलं, पावतीचा फोटो काढून ठेवा आणि किती दिवस ठेवतात ते तिथेच मोबाइलवरच्या भाषांतराने विचारून घ्या. दुसरा पर्याय कुरिअर, ते रस्त्याने पाठवतात, पण चीनमधला पत्ता आणि फोन नंबर लागतो, म्हणजे विद्यार्थ्यांना जमेल, पर्यटकांना अवघड. सोडायला कोणी आलं असेल तर त्याच्याकडे द्या. यातलं काहीच जमत नसेल तर तिथल्या पेटीत टाकून द्यायची आणि पुढे जायचं. फ्लाइट चुकवू नका तिच्यापायी.

मग मी चीनमध्ये मोबाइल कसा चालू ठेवू? तिथे सगळंच मोबाइलवर आहे ना?

हाच खरा प्रश्न आहे आणि नियमापेक्षा याचाच विचार आधी करा. तिथे पैसे द्यायला मोबाइल, टॅक्सी बोलवायला मोबाइल, हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरात दाखवायला मोबाइल, बोलायला भाषांतराचं ॲप. मोबाइल बंद पडला की साठीच्या माणसाला रस्त्यात उभं राहून काय करावं कळत नाही, इंग्रजी समजणारा माणूस पटकन सापडत नाही.

माझा सल्ला असा आहे. चीनमध्ये उतरल्यावर पहिल्याच शहरात थ्री-सीवाली नवी पॉवरबँक विकत घ्या. साधी १०,००० एमएएचची शंभर युआनच्या आगेमागे मिळते, मॉलमधल्या मोबाइलच्या दुकानातून घ्या, फूटपाथवरून नको, आणि दुकानातच खोकं उघडून मार्क आणि वॉट-अवर वस्तूवर छापलेत का ते बघून घ्या. तीच पॉवरबँक परत येताना भारतात आणता येते, नंतर पुन्हा चीनला जाताना तीच घेऊन जायची. दरवर्षी फेअरला जाणाऱ्यांसाठी याच्यासारखा दुसरा उपाय नाही.

विकत घ्यायची नसेल तर भाड्याच्या पॉवरबँक जागोजागी आहेत, हॉटेलात, रेस्टॉरंटमध्ये, स्टेशनवर, कोड स्कॅन करायचा, पॉवरबँक बाहेर येते, दुसरीकडे त्याच कंपनीच्या यंत्रात परत लावली तरी चालते. ती घेऊन विमानात जायचा विचार करू नका, सिक्युरिटीआधी परत लावा, नाहीतर भाडं चालूच राहतं आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे कापले जातात. फक्त एक आहे, स्कॅन करायला मोबाइलमध्ये थोडी तरी बॅटरी पाहिजे, तेव्हा पंधरा टक्क्यांवर आला की घ्या, दोनची वाट बघू नका.

आणि हॉटेलचं नाव-पत्ता चिनी अक्षरात लिहिलेला कागद आणि थोडे रोख युआन खिशात असू द्या. आईवडील एकटे जाणार असतील तर हे करूनच पाठवा.

विमानाऐवजी ट्रेनने गेलो तर?

तर थ्री-सीची अट नाही. रेल्वेत १०० वॉट-अवरपर्यंतची, लेबल स्वच्छ वाचता येणारी पॉवरबँक चालते. म्हणजे भारतातून नेलेली चालू शकते. बीजिंग ते शांघाय १,३१८ किलोमीटर हायस्पीडने साडेचार तासांच्या आसपास होतं, ग्वांगझूहून यिवूला थेट गाड्या आहेत, आणि ट्रेनमध्ये सीटजवळ प्लगही असतो. विमानतळावर दोन तास आधी जायचं, शहराबाहेरून यायचं, हे सगळं धरलं तर मधल्या अंतराला ट्रेनच बरी पडते. उरुमची किंवा कुनमिंगसारखं लांबचं असेल तर मात्र विमानाला पर्याय नाही. ट्रेनच्या स्टेशनवरही बॅगा तपासतात, लेबल पुसलेलं असेल तर तिथेही अडेल.

लॅपटॉप, मोबाइल, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, इअरबड यांनाही थ्री-सी लागतो का?

नाही, ही अट फक्त पॉवरबँकला आहे. कॅमेऱ्याच्या सुट्ट्या बॅटऱ्या मात्र हँडबॅगमध्येच, प्रत्येक वेगळ्या पिशवीत किंवा टोकांना टेप लावून. नुसता भिंतीत लावायचा चार्जर, ज्यात बॅटरी नाही, तो कुठेही ठेवा. पण ज्याच्यात बॅटरी आहे आणि ज्याने दुसरं काही चार्ज होतं ते सगळं पॉवरबँकच धरा, मोबाइलच्या मागे चुंबकाने चिकटणारी, बॅटरीवालं कव्हर, प्लग असलेली दोन-इन-एक, सगळं त्यातच आलं. मॅडमच्या पर्समध्ये लिपस्टिकच्या आकाराची असते ती सुद्धा.

बाकी देशांतल्या डोमेस्टिक फ्लाइटला पण थ्री-सी लागतो का?

नाही, हा मार्क फक्त चीनमध्ये मागतात. पण प्रत्येक देशाचं काहीतरी वेगळं आहे. दक्षिण कोरियात १ मार्च २०२५ पासून डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही, टोकं झाकायची, सोल ते जेजू जातानाही तेच. जपानमध्ये ८ जुलै २०२५ पासून कप्प्यात नाही, नजरेसमोर ठेवायची. अमेरिकेत साउथवेस्टने २८ मे २०२५ पासून वापरत असताना पॉवरबँक बाहेर, दिसेल अशी ठेवायला सांगितलं. ऑस्ट्रेलियात जुलै २०२५ मध्ये सिडनीहून होबार्टला जाणाऱ्या विमानात वरच्या कप्प्यात आग लागली, त्यानंतर तिथेही कडक झालं. हे नियम पटापट बदलतायत, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी ज्या कंपनीचं तिकीट आहे तिचंच पान बघा, नातेवाइकाचा मागच्या वर्षीचा अनुभव धरून चालू नका.

सीटवर बसल्यावर पॉवरबँक गरम लागली किंवा फुगलेली दिसली तर?

लगेच क्रूला बोलवा, लाजू नका, भाषा येत नसेल तर वरचं बटण दाबून हाताने दाखवा. बॅगेत परत ढकलू नका, ब्लँकेटमध्ये गुंडाळू नका. मोबाइल किंवा पॉवरबँक सीटच्या फटीत पडली तर सीट मागे-पुढे करून काढायचा प्रयत्न करू नका, यंत्रात चिरडली की तिथेच पेट घेते, क्रू काढून देतात. धूर यायला लागला तर त्यांना जागा करून द्या आणि ते सांगतील तिथे जाऊन बसा. घरून निघतानाच पॉवरबँक टेबलावर सपाट ठेवून बघा, डुगडुगत असेल किंवा मधे फुगीर वाटत असेल तर ती नेऊच नका, थ्री-सी असला तरी.